आयफोन, अँड्रॉइड आणि घरातली मराठी

कोणता फोन घ्यावा, हा प्रश्न घरात निघाला की चर्चा कॅमेऱ्यापाशी सुरू होते आणि किमतीपाशी संपते. मधल्या वेळात तरुण मंडळींचे आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले असे दोन पक्ष पडतात. वडीलधारे ‘तुम्हाला योग्य वाटेल तो घ्या’ म्हणून मोकळे होतात. या वादात एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. या फोनवर मराठी कशी लिहिता येते, कशी दिसते, आणि आजी-नातवंडांना तो एकमेकांना मराठीत चार ओळी लिहू देतो की नाही? पुण्या-नाशकाच्या माणसास हा प्रश्न गौण वाटेल. त्याच्या गल्लीतील दुकानाची पाटी मराठीत असते, बसवरचा फलक मराठीत असतो. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांची गोष्ट निराळी आहे. बाहेरचा व्यवहार दुसऱ्या भाषेत, मुलांची शाळा बहुधा इंग्रजीत, आणि पोस्टकार्डाचा जमाना केव्हाच मागे पडलेला. अशा घरात मराठी लिहिण्याची रोजची जागा आज हातातला फोन हीच आहे. तेव्हा या दोन प्रणालींचे गुणदोष आम्ही मुख्यतः याच अंगाने पाहणार आहोत. (‘भ्रमणध्वनी’ हा शब्द सरकारी कागदांवर शोभून दिसतो, घरात कोणी तो उच्चारल्याचे आम्ही ऐकलेले नाही. म्हणून येथे फोन हाच शब्द वापरतो.)

आयफोन बाजारात आला २००७ साली. अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन त्याच्या पाठोपाठ २००८ मध्ये. दोघांनाही तेव्हा मराठीशी कर्तव्य नव्हते. सुरुवातीच्या अनेक अँड्रॉइड फोनांवर देवनागरी मजकूर आला की कोठे नुसते चौकोन दिसत, तर कोठे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती नंतर येऊन बसे. पुढे हे सुधारले. २०१४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीत संपूर्ण फोनच मराठीतून वापरण्याची सोय झाली. म्हणजे अक्षरे मराठीत लिहिता येणे एवढेच नव्हे, तर फोनचे पर्याय, सूचना, प्रश्न, सारे मराठीत. आयफोनवर हीच सोय यावयास २०२५ साल उजाडले. आय.ओ.एस. १८.४ या आवृत्तीत मराठीसह दहा भाषा एकदम दाखल झाल्या. मधल्या काळात आयफोनवर मराठी कळफलक होता. मराठीत लिहिता येई, पण फोन स्वतः बोलायचा तो इंग्रजीत किंवा हिंदीत.

ही अकरा वर्षे आम्हास महत्त्वाची वाटतात, आणि त्यांचा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाववत नाही. आपल्या घरांतील पुष्कळ मुले परदेशी आहेत. त्यांनी नवा फोन घेतला की जुना आयफोन आईवडिलांकडे येतो, हा आता रिवाजच झाला आहे. वस्तू उत्तम, प्रेमाने दिलेली. पण २०२५ पूर्वी ज्या आजीने तो हातात घेतला, तिच्यासमोर इंग्रजी नाही तर हिंदी एवढाच पर्याय होता. ‘हिंदी येतेच ना तुम्हाला?’ हे वाक्य महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाने रेशनच्या रांगेपासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सर्वत्र ऐकलेले असते. तेच वाक्य आता यंत्राने उच्चारले, एवढाच फरक. हिंदी येते, हे खरेच आहे. ती आपल्या शेजाराची भाषा आहे आणि तिच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. मात्र येते म्हणून तीच चालवून घ्या, या म्हणण्यात जो हिशेब आहे त्यात आपण नेहमी दुसऱ्या रांगेत असतो. आपल्या सरकारनेही तो हिशेब मोडलेला नाही. २०१६ साली फोनांतील भारतीय भाषांसाठी जे मानक लागू करण्याचे ठरले, त्यात सर्व बावीस भाषा वाचता याव्यात असे होते. लिहिण्याची सक्ती मात्र इंग्रजी, हिंदी आणि आणखी कोणतीही एक भाषा एवढ्यापुरतीच होती. ती ‘आणखी एक’ कोणती, हे ज्याने त्याने ठरवावयाचे.

लिहिण्याकडे वळू. फोनवर मराठी लिहिण्याच्या तीन तऱ्हा आज रूढ आहेत: देवनागरी कळफलकावर थेट, रोमन अक्षरांतून उच्चाराप्रमाणे, आणि बोलून. गूगलच्या कळफलकाने या तिन्ही तऱ्हा अँड्रॉइडवर बऱ्याच आधी सुलभ केल्या. बोलून मराठी लिहिण्याची सोय गूगलने २०१७ साली आणली, आणि ज्यांची बोटे थरथरतात वा ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही अशा ज्येष्ठांस तिचा केवढा आधार झाला हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. शब्द चुकतात, बडोद्याकडच्या किंवा ग्वाल्हेरकडच्या उच्चारांवर यंत्र कधीकधी अडखळते, पण मजकूर देवनागरीत उमटतो, आणि तो वाचणाऱ्या नातवास आजीची वाक्यरचना जशीच्या तशी मिळते. आयफोनने रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सोय आपल्या कळफलकात २०२४ च्या आवृत्तीत दिली. इंग्रजीसह दोन भारतीय भाषा एकाच कळफलकावर चालवण्याची तिची पद्धत आम्हास आवडली. बडोद्याच्या घरात एकाच निरोपात मराठी, गुजराती आणि इंग्रजी येणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि दर वाक्यास कळफलक बदलणे जिवावर येते. आयफोनवर गूगलचा किंवा इतर कोणाचा कळफलक घालण्याची मुभा २०१४ पासून आहे. पण तो पाहुण्यासारखाच राहतो. परवलीचा शब्द लिहावयाची वेळ आली की फोन त्याला बाजूला सारतो आणि आपला स्वतःचा कळफलक पुढे करतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. वृद्ध माणूस मात्र अचानक बदललेल्या पडद्याकडे पाहून गोंधळतो.

रोमन अक्षरांतून लिहिण्याच्या सोयीविषयी आमचे मन थोडे साशंक आहे, आणि येथे दोन्ही प्रणाली सारख्याच दोषी आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन शब्द मराठी माणसास पुरते वेगळे. एकात गुरुजी आहेत, दुसऱ्यात स्वयंपाकी. रोमन लिपीत दोहोंची अक्षरे एकच. यंत्र आपल्या अंदाजाने एक शब्द पुढे करते आणि घाईत लिहिणारा तो स्वीकारतो. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांची हीच कथा. ज्याने शाळेत मराठी शिकली आहे त्याला चूक दिसते आणि तो दुसरा पर्याय निवडतो. इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलाला तो अर्धा ‘र’ असतो हेच ठाऊक नसते; त्याला यंत्र देईल ते शुद्ध. देवनागरी कळफलकावर मात्र ‘ऱ’ स्वतंत्र अक्षर म्हणून दिसतो, त्याला शोधावे लागते, आणि शोधताना मूल काहीतरी शिकते. म्हणून नातवंडांच्या फोनवर, मग तो कोणत्याही कंपनीचा असो, आम्ही देवनागरी कळफलकाचा आग्रह धरतो. पहिले पंधरा दिवस कुरकुर होते. पुढे हात बसतो.

अक्षरांच्या रूपाचाही एक प्रश्न आहे. मराठीचा ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे. आपण बालबोध गिरवताना तेच गिरवले. संगणकाच्या दृष्टीने दोन्ही भाषांत ही अक्षरे एकच आहेत, आणि मराठी वळण दाखवायचे की हिंदी हे अक्षरसंचाच्या मर्जीवर राहते. बहुतेक पडद्यांवर हिंदी वळणच दिसते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. त्यापूर्वी ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवत, आणि आजही काही जण तसेच लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. परंतु एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधू गेल्यास पुष्कळदा सापडत नाही. जुन्या निरोपांत काही शोधण्याची वेळ आली की हे समजते.

भाषेबाहेरच्या गुणदोषांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही, तरी टिकाऊपणाचा मुद्दा सोडता येत नाही. आयफोन येथे निःसंशय सरस ठरला आहे. २०१५ साली निघालेल्या ‘सिक्स एस’ला २०२१ ची आवृत्तीही मिळाली. अँड्रॉइडच्या जगात कंपनी तशी रीत. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांचा फोन चांगला चालत असता चौथ्या वर्षी त्यावर बँकेचे ॲप उघडेना. कंपनीने नव्या आवृत्त्या केव्हाच थांबवल्या होत्या. पेन्शनीची रक्कम पाहण्यासाठी त्यांना पुन्हा पासबुक घेऊन बँकेत जावे लागले. अलीकडे यातही बदल होत आहे. गूगलने २०२३ च्या आणि सॅमसंगने २०२४ च्या आपल्या वरच्या श्रेणीतील फोनांसाठी सात वर्षांचे आश्वासन दिले. स्वस्त फोनांस ते लागू नाही, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती स्वस्त फोनच असतात. शिवाय काही स्वस्त फोनांत जाहिराती अशा मिसळलेल्या असतात की वृद्ध माणसास सूचना कोणती आणि जाहिरात कोणती हे ओळखू येत नाही. आयफोन या बाबतीत सभ्य आहे. मात्र त्या सभ्यतेची किंमत पेन्शनीत बसत नाही. फुकट साठवणुकीची जागा गूगल पंधरा जीबी देते, ॲपल पाच. लग्नमुंजींचे फोटो साठवणाऱ्या घरास दोन्ही अपुऱ्याच.

परदेशी मुलाशी चित्रासह बोलण्यासाठी आयफोनच हवा, असे एकेकाळी सांगितले जाई. व्हॉट्सॲपने तो मुद्दा आपल्या घरांपुरता निकालात काढला आहे. अँड्रॉइडवरचे जुने व्हॉट्सॲप संवाद आयफोनवर नेण्याची सोयही २०२२ मध्ये झाली. ज्या घरात दिवंगत आजोबांचे आवाजी निरोप जुन्या फोनमध्ये पडून आहेत, त्यांनी फोन बदलण्याआधी हे काम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. तोपर्यंत जुना फोन कोणास देऊ नये, की पुसू नये.

आमचा कौल कोणता, असे कोणी विचारील. घरातील ज्येष्ठांसाठी आणि नव्याने घेणाऱ्यांसाठी आम्ही अँड्रॉइडच्या बाजूचे आहोत, आणि कारण किमतीइतकेच भाषेचेही आहे. त्याने मराठीला जागा दिली तेव्हा ती मागणारेही फारसे नव्हते. मात्र सर्वांत स्वस्त फोन न घेता, किती वर्षे आवृत्त्या मिळतील हे आधी विचारून घ्यावा. ज्यांच्याकडे आयफोन आधीच आहे त्यांनी तो बदलण्याचे कारण नाही. मराठी आता तेथेही आहे, आणि ती कोणी वापरलीच नाही तर पुढे सुधारणारही नाही.

एक अडचण नेहमी पुढे केली जाते: फोन मराठीत केला की बँकेच्या ॲपमधील शब्द कळत नाहीत. हे खरे आहे. ती शब्दकळा अनेकदा कोणा कळवळा नसलेल्या भाषांतरकाराची वाटते, आणि खात्याचा व्यवहार करताना शंका घेऊन चालत नाही. यावर उपाय दोन्हीकडे आहे. प्रत्येक ॲपची भाषा वेगळी ठेवण्याची सोय आयफोनवर २०१९ पासून आणि अँड्रॉइडच्या तेराव्या आवृत्तीत २०२२ पासून मिळते. सेटिंग्जमध्ये भाषांची यादी असते; तीत मराठी सर्वांत वर ठेवावी, तिच्याखाली आपापल्या गावाप्रमाणे हिंदी, गुजराती, कन्नड वा तेलुगू, आणि ज्या ॲपमध्ये ही निवड दिसते तेथे बँकेपुरती इंग्रजी. दहा मिनिटांचे काम आहे. दिवाळीस मुले-नातवंडे घरी येतील तेव्हा करून घेता येईल.