नांगऱ्याला गोष्ट का नाही?

हिंदी पिक्चरमधला व्हिलन आपल्या सगळ्यांना ठाऊक. पण हा शब्द आला कुठून? मध्ययुगीन इंग्लंडात जमीनदाराला बांधलेल्या कुळाला व्हिलन म्हणत. कसत असलेल्या जमिनीसाठी धन्याविरुद्ध राजाच्या कोर्टात जायची त्याला सोय नव्हती. राबणाऱ्याचं नावच पुढं बदमाशाचं नाव झालं. दोस्तांनो, निकाल काय फक्त कोर्टातच लागतो?

१३४८ साली प्लेग आला. माणसं पटापट मेली, हात कमी पडले. उरलेल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली. लगेच १३५१ चा कायदा आला : मजुरी प्लेगच्या आधीचीच! गवत वाळवायच्या हंगामात दिवसाला एक पेनी. गावोगाव खोडे उभारायचं फर्मान निघालं. १३६१ साली तर पळून गेलेल्या मजुराच्या कपाळावर 'एफ' अक्षराचा डाग द्यायची तरतूद झाली. एफ म्हणजे खोटारडा. पोटाला जास्त मागितलं, हा गुन्हा.

आता चॉसरकडं वळू. इंग्रजी कवितेचा बाप म्हणून तो आपल्याला शिकवतात. १३८१ च्या बंडात एसेक्सचे शेतकरी ज्या ऑल्डगेट वेशीतून लंडनात शिरले, त्याच वेशीवर त्याचं बिऱ्हाड होतं. बंडखोरांनी ठिकठिकाणी कोर्टाचे कागद जाळले, कारण त्यांची गुलामी त्या कागदांतच लिहिलेली. पुढं १३८५ ते १३८९ चॉसर केंट परगण्यात 'जस्टिस ऑफ द पीस' होता. मजुरीचा कायदा राबवणं हे त्या पदाचं एक काम.

याच सुमारास त्यानं 'कँटरबरी टेल्स' लिहायला घेतलं. त्यातला नांगऱ्या बघा. देवभोळा, चर्चचा दशांश चोख देणारा, गरिबाचं काम फुकट करणारा. मजुरी मागतच नाही! कायद्याला हवा तसा मजूर. वकिलाला गोष्ट आहे, गिरणीवाल्याला आहे, नांगऱ्याला नाही. ग्रंथ अपुरा राहिला, आणखी काहींनाही गोष्ट मिळाली नाही, हे मान्य. पण पुढाऱ्याचं नाव घेऊन बंडाचा उल्लेख येतो तो एकदाच. तोही कोंबडा पळवणाऱ्या कोल्ह्यामागं धावणाऱ्यांच्या गोंगाटाची उपमा म्हणून. तिथं फ्लेमिश लोकांच्या कत्तलीची आठवण आहे. ती कत्तल खरीच झाली होती, आपण ती झाकू नये. मात्र बंडाचा उपदेशक जॉन बॉल याला फासावर चढवून त्याचे तुकडे केले, त्याबद्दल कवी गप्प.

चॉसर भित्रा नव्हता. चर्चच्या कोर्टाचा लाचखाऊ समन्सवाला त्यानं पार उघडा पाडलाय. त्याला लाच दिसते, कायद्यातलाच अन्याय दिसत नाही. आमचं भांडण आहे ते इथं.

चॉसर फेकून देऊ नका. वाचा, मन लावून वाचा. पण परीक्षेत नांगऱ्याच्या सद्गुणांवर प्रश्न आला, तर १३५१ चा कायदा आठवून उत्तर लिहा.