मोजमाप आणि भक्ती : देसिदेरियुस लेन्झ यांची कला

भक्तीला मोजमाप असते काय? प्रश्न चमत्कारिक वाटेल. परंतु जर्मन बेनेडिक्टाईन मठवासी देसिदेरियुस लेन्झ (१८३२-१९२८) यांच्या कलेचा विचार या प्रश्नावाचून करताच येत नाही. शिल्पकार, चित्रकार आणि वास्तुरचनाकार अशा तिन्ही नात्यांनी त्यांनी एकच ध्यास घेतला : देवालयातील कला मोजमापाच्या पायावर उभी राहावी.

म्युनिकच्या कला अकादमीत शिकलेल्या लेन्झ यांना आपल्या काळातील धार्मिक चित्रे रुचेनाशी झाली. वर वळलेले डोळे, गालांवरची लाली, मुद्दाम आणलेला गहिवर. यांत संतांपेक्षा चित्रकाराचीच भावना अधिक दिसते, असे त्यांना वाटे. उलट, प्राचीन इजिप्त आणि ग्रीसच्या कलेत त्यांना शांती आढळली. या शांतीचे मूळ प्रमाणात आहे, अशी त्यांची खात्री झाली. वर्तुळ, त्रिकोण आणि चौरस या आकृत्यांतून मानवदेहाची आदर्श प्रमाणे सिद्ध करण्यासाठी ते आयुष्यभर झटले. परमेश्वराने सर्व काही माप, संख्या आणि वजन यांनुसार रचले, असे शलमोनाच्या ज्ञानग्रंथात (११:२०) म्हटले आहे. लेन्झ यांनी ते वचन अक्षरशः मनावर घेतले.

डॅन्यूब नदीच्या खोऱ्यात, बॉयरॉन मठानजीक, संत मावरुस यांचे छोटे चॅपेल आहे. राजकन्या कॅथरिना यांच्या आश्रयाने त्याचे काम १८६८ साली सुरू झाले आणि १८७१ साली त्याचे पवित्रीकरण झाले. आम्ही ते केवळ छायाचित्रांतून पाहिले आहे. तरीही त्याचा परिणाम विसरता येत नाही. पुढे आलेले छप्पर, सरळ खांब, दर्शनी भिंतीवर सिंहासनस्थ पवित्र मरिया आणि बाळ येशू. आकृती समोरासमोर, रेषा स्पष्ट, रंग सपाट, छाया जवळजवळ नाहीच. ही माता आपली मनधरणी करीत नाही, डोळ्यांत पाणीही आणवीत नाही. ती केवळ तेथे आहे. आणि तिच्यापुढे आपला आवाज आपोआप खाली येतो.

बॉयरॉनचा मठ ग्रेगोरियन गायनासाठीही प्रसिद्ध आहे, हा योगायोग नव्हे. त्या गायनात गायक आपला गळा मिरवीत नाही. सर्वांचा मिळून एक स्वर होतो. लेन्झ यांच्या मार्गाने जाणारे मठवासी चित्रकारही आपले नाव मिरविण्याऐवजी एका नियमाखाली मिळून काम करीत. माँते कासिनो येथे संत बेनेडिक्ट यांच्या कबरीभोवतालचे तळघर त्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी असेच सजविले. या शिस्तीची ओढ मठाबाहेरही पोहोचली. गोगँच्या वर्तुळातील डच चित्रकार यान वेरकादे यांनी १८९२ साली बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ते बॉयरॉनचे मठवासी झाले. पॉल सेरुझिए यांनी लेन्झ यांचा कलाविचार १९०५ साली फ्रेंचमध्ये आणला.

तथापि आमचा एक आक्षेप आहे. आदर्श प्रमाण हे सृष्टीच्या आरंभीच देवाने दिलेले आहे, असे लेन्झ मानीत. परंतु शब्द देही झाला तो आदर्श आकृतीत नव्हे, एका विशिष्ट मानवात. लाजरसाच्या कबरीपाशी प्रभू रडला; क्रूसावर त्याचे रूप विद्रूप झाले. ते अश्रू आणि ते विद्रूप रूप कोणत्या त्रिकोणात बसवावे? नुकतेच मूल गमावलेली माता ज्या मरियेपुढे गुडघे टेकते, तिच्या मुखावर थोडी वेदना तिला दिसायला हवी. लेन्झ यांची कला उपासनेला गांभीर्य देते. सांत्वन देताना मात्र ती अपुरी पडते.

म्हणून त्यांच्यापासून आम्ही नियम नव्हे, संयम घ्यावा असे आम्हास वाटते. धर्मग्रामात नवी मूर्ती घ्यायची असते तेव्हा आपण तिची उंची विचारतो, किंमत विचारतो, चेहरा गोड आहे ना, हेही पाहतो. तिच्यापुढे निवांत प्रार्थना करता येईल काय, हे मात्र क्वचितच विचारतो. लेन्झ यांनी आयुष्यभर तोच प्रश्न विचारला. त्यांचे उत्तर आम्हास पूर्ण पटले नाही. प्रश्न मात्र आम्ही टाळू नये.