किळस, वीट की तिरस्कार?

इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणताना एक चूक सहज होते. पॉल एकमन यांच्या सहा मूलभूत भावनांपैकी एक म्हणजे 'डिसगस्ट'. शब्दकोश उघडायचा, 'तिरस्कार' लिहायचं, पुढे जायचं. माझ्या पहिल्या मसुद्यात मीही हेच केलं होतं.

पण आपण बोलतो कसं ते बघा. नासलेल्या दुधाची किळस येते. रोज तीच भाजी खाऊन वीट येतो. ती भाजी आधी आवडतही असेल. किळस आणि वीट सहसा 'मला येतात', ठरवून आणता येत नाहीत. तिरस्कार मात्र 'मी करतो', आणि बहुतेकदा माणसाचा.

समजा, प्रश्न गटार साफ करणाऱ्या कामगाराबद्दल आहे. घाणीची किळस आणि माणसाचा तिरस्कार एकाच आकड्यात मिसळले, तर जातीचा भेदभाव आपल्या तक्त्यात 'नैसर्गिक भावना' म्हणून लपून बसतो. मग विश्लेषण कितीही भारी करा, काही उपयोग नाही.

म्हणून शब्द पक्का करण्याआधी चार-पाच जणांना तो वाक्यात वापरायला सांगा. 'येते' म्हणतात की 'करतो', ते लिहून घ्या. शब्दकोश हे सांगेलच असं नाही.