तोफेतून चंद्राकडे

लातूरला दिवाळीच्या सुट्टीत नातवाला भा. रा. भागवतांचे ‘चंद्रावर स्वारी’ वाचून दाखवीत होतो. ज्यूल व्हर्नच्या १८६५ सालच्या कादंबरीचा हा मराठी अवतार. तोफ उडताच नातू म्हणाला, “आबा, एवढ्या दणक्यानं माणसं आतच मरतेल की!” खरेच आहे, १९६९ साली माणूस चंद्रावर गेला तो टप्प्याटप्प्याने वेग घेणाऱ्या अग्निबाणातून. शास्त्रशुद्धतेच्या हट्टापायी हे प्रकरण मी गाळणारच होतो! नांदेडहून आणलेले ग्रहमालेचे पुस्तक बिनचूक होते. ते वाचताना त्याने एकही प्रश्न विचारला नव्हता. भागवतांच्या खेळकर भाषेने त्याला आधी त्या गोळ्यात बसवले, म्हणून आतल्या माणसांची त्याला काळजी वाटली. साहसकथेची कसोटी हीच. शास्त्राची चूक मूल स्वतः दुरुस्त करील. कंटाळा मात्र करणार नाही.