निबंधाची दुरुस्ती की फेरविचार?

विज्ञानाच्या मासिकात निबंधलेखनावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही शिक्षक वाचकांना पडेल. निबंध हा भाषेच्या शिक्षकांचा प्रांत, असे आपण धरून चालतो. परंतु मूल लिहिताना नेमके काय करते, हा प्रश्न निरीक्षणाने सोडवण्याचा आहे. मूग कसा रुजतो हे दाखवायचे असेल तर आपण तो ओल्या टिपकागदावर ठेवतो आणि रोज पाहतो. आठ दिवसांनी एकदम रोप पुढे केले, तर रुजण्याबद्दल काहीच कळणार नाही. निबंधाच्या बाबतीत मात्र आपण तेच करतो. वही आपल्याकडे येते तेव्हा लिहिणे संपलेले असते. आपण तपासतो ते रोप. रुजण्याची क्रिया आपण पाहिलेलीच नसते.

अमेरिकेतील हायस्कुलात 'इंग्रजी' या एकाच विषयात साहित्याचे वाचन आणि निबंधलेखन दोन्ही शिकवतात. नाटक किंवा कादंबरी वाचायची आणि तिच्यावर निबंध लिहायचा, ही तेथील नेहमीची रीत. या लेखनाच्या क्रियेचा शास्त्रीय अभ्यास करण्याचे काही महत्त्वाचे प्रयत्न तेथे झाले. त्यांपैकी दोन गाजलेल्या अभ्यासांचे परीक्षण येथे करायचे आहे. त्यांत काय सापडले, त्यांच्या मर्यादा कोणत्या आणि पुढे त्यांचा उपयोग कसा झाला, हे पाहिले तर आपल्याही वर्गासाठी काही हाती लागते.

आठ मुलांचा अभ्यास

जॅनेट एमिग यांचा बारावीतील विद्यार्थ्यांच्या लेखनप्रक्रियेवरील अहवाल १९७१ साली प्रसिद्ध झाला. शिकागो परिसरातील आठ विद्यार्थी त्यांनी निवडले. अभ्यासाची पद्धत साधी होती. विद्यार्थ्याने लिहिता लिहिता मनात येईल ते मोठ्याने बोलायचे आणि ते ध्वनिमुद्रित करायचे. कोठे तो थांबला, काय खोडले, का खोडले, हे टिपून घ्यायचे. शिवाय आजवरच्या लेखनाबद्दल प्रत्येकाशी सविस्तर बोलायचे.

यातून दोन प्रकारचे लेखन समोर आले. एक शाळेने सांगितलेले आणि दुसरे मुलांनी आपणहून केलेले. आपणहून लिहिताना मुले आधी बराच वेळ विषय मनात घोळवत, मध्येच थांबत, मागे जाऊन बदल करत. शाळेसाठी लिहिताना तीच मुले चटकन सुरुवात करत आणि चटकन संपवत. शाळेसाठी लिहिलेल्या निबंधावर आपण होऊन पुन्हा काम करण्याची त्यांना गरज वाटत नव्हती. लिहिण्याची क्षमता तीच होती; पण शाळेच्या कामात ती पुरती वापरली जात नव्हती.

याचे कारण एमिग यांनी शाळेच्या रीतीत शोधले. शिक्षक फक्त तयार निबंध पाहतात आणि ठरलेला साचा मागतात. हा साचा म्हणजे पाच परिच्छेदांचा निबंध: एक प्रास्ताविकाचा, तीन मुद्द्यांचे आणि एक समारोपाचा. हा प्रकार इतका अस्सल अमेरिकन आहे, की त्याला देशाच्या ध्वजावरून 'पन्नास ताऱ्यांचा निबंध' म्हणावे, असा टोला त्यांनी मारला आहे. बहुतेक शिक्षक स्वतः काही लिहीत नाहीत, म्हणून लेखनाबद्दलच्या त्यांच्या कल्पना भाबड्या राहतात, असेही त्यांनी बजावले.

अहवालाची बाजू मांडून झाली, आता उणिवा. आठ विद्यार्थी म्हणजे नमुना फार लहान. त्यांतही विस्ताराने वर्णन आहे ते एकाच मुलीचे. मोठ्याने बोलत लिहिणे ही नैसर्गिक स्थिती नव्हे. सूक्ष्मदर्शकाखालचा प्रखर दिवा जसा जिवाच्या हालचालींवर परिणाम करतो, तसा येथे निरीक्षणाचा परिणाम लेखनावर होणारच. शिक्षकांवरचे कडक ताशेरे तर पुराव्याच्या बरेच पुढे गेलेले आहेत. तरीही या अहवालाचे मोल कमी होत नाही. लिहिणे संपल्यावर नव्हे, तर लिहिणे चालू असताना पाहायचे, ही दृष्टी त्याने दिली. शिवाय शाळेतील परिस्थितीबद्दलचा त्याचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता. आर्थर ॲपलबी यांनी १९८१ साली अमेरिकन माध्यमिक शाळांतील लेखनाची पाहणी प्रसिद्ध केली. तासातील सुमारे ४४ टक्के वेळ मुले काही ना काही लिहीत होती. पण एक परिच्छेद किंवा त्याहून मोठे लेखन अवघे ३ टक्के वेळ चालले होते. बाकीचा वेळ रिकाम्या जागा भरणे, उतरवून घेणे आणि त्रोटक उत्तरे लिहिणे यांत जात होता.

खोडणे म्हणजे सुधारणे नव्हे

दुसरा अभ्यास नॅन्सी सोमर्स यांचा, १९८० सालचा. त्यांनी महाविद्यालयात नुकतेच आलेले २० विद्यार्थी आणि पत्रकार, संपादक, प्राध्यापक असे २० अनुभवी लेखक घेतले. प्रत्येकाने तीन निबंध लिहिले आणि प्रत्येक निबंध दोनदा पुन्हा लिहिला. या खर्ड्यांची तुलना करून कोणी काय बदलले, हे त्यांनी मोजले. बदलाचे चार प्रकार मानले: गाळणे, एकाऐवजी दुसरे घालणे, भर घालणे आणि क्रम बदलणे. बदल कोठे झाला याचेही चार स्तर ठरवले: शब्द, शब्दसमूह, वाक्य आणि एकूण आशय.

विद्यार्थ्यांचे बदल बहुतेक शब्दांच्या पातळीवर राहिले. एक शब्द खोडून दुसरा, अधिक भारदस्त वाटणारा घालायचा. पुन्हा आलेला शब्द काढायचा. निबंधाला काय म्हणायचे आहे, हे पहिल्या खर्ड्यातच ठरून गेले आहे असे ते धरून चालत. अनुभवी लेखकांचे उलट. आपल्याला काय म्हणायचे आहे हे शोधण्यासाठीच ते पहिला खर्डा लिहीत. वाचकाला हे पटेल का, हा प्रश्न ते सारखा स्वतःला विचारत आणि त्यापायी परिच्छेदच्या परिच्छेद हलवत.

या अभ्यासालाही एक आक्षेप घेता येतो. वीस वर्षे लिहिणाऱ्या संपादकाची आणि अठरा वर्षांच्या मुलाची तुलना केल्यावर फरक दिसणारच. त्यातला किती शिकवण्याने भरून निघेल आणि किती केवळ अनुभवाने, हे या आकड्यांवरून कळत नाही. परंतु मुलांना ही सवय कोठून लागली, याचा धागा सोमर्स यांच्याच १९८२ सालच्या लेखात मिळतो. या वेळी त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी ३५ शिक्षकांनी वह्यांवर लिहिलेले शेरे तपासले. एकाच परिच्छेदात शिक्षक स्वल्पविराम दुरुस्त करत होते आणि त्याच परिच्छेदाच्या समासात 'हा मुद्दा आणखी विचार करून मांडा' असेही सांगत होते. जे वाक्य पुढच्या खर्ड्यात राहणारच नाही, त्याचे विरामचिन्ह नीट करण्यात काय अर्थ? बरेच शेरे असे होते, की एका वहीवरून उचलून दुसऱ्या वहीवर लावले तरी चालावेत. मूल बिचारे सोपे काम निवडते. ते स्वल्पविराम दुरुस्त करते आणि वही परत देते.

एक उदाहरण

नेमके काय हरवते, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. शेक्सपिअरचे 'ज्युलियस सीझर' हे नाटक अमेरिकेतील हायस्कुलात पुष्कळ ठिकाणी शिकवले जाते. तिसऱ्या अंकात सीझरच्या हत्येनंतर आधी ब्रूटस आणि मग अँटनी रोमच्या जमावापुढे बोलतो. समजा, एका विद्यार्थ्याने पहिल्या खर्ड्यात लिहिले: 'अँटनी हा चतुर वक्ता होता, म्हणून जमाव ब्रूटसच्या विरुद्ध गेला.' पुढे तीन मुद्दे: अँटनी ब्रूटसला पुन्हा पुन्हा 'आदरणीय' म्हणतो, सीझरचा फाटका झगा दाखवतो, मृत्युपत्र वाचतो. समारोपात पहिलेच वाक्य वेगळ्या शब्दांत.

या निबंधात चूक काहीच नाही. पाच परिच्छेद झाले, भाषा शुद्ध आहे. शिक्षकांनी 'चतुर' च्या जागी 'मुत्सद्दी' सुचवला आणि 'छान' असा शेरा दिला, तर प्रकरण तेथेच मिटते. पण समासात एकच प्रश्न लिहिला: 'अँटनी बोलण्यापूर्वी जमाव काय म्हणत होता?' तर मुलाला पुस्तक पुन्हा उघडावे लागते. तेथे त्याला दिसते, की ब्रूटसने शांतपणे, गद्यात, कारणे देऊन भाषण केले. रोमला कोणी राजा नको, म्हणून आपण सीझरला मारले, हे त्याचे सांगणे. ते ऐकून जमाव खूष होतो आणि ओरडतो, की आता ब्रूटसलाच सीझर करा!

म्हणजे जमावाला ब्रूटसचेही म्हणणे कळलेले नव्हते. मग दोष अँटनीच्या चातुर्याचा किती आणि ऐकणाऱ्यांचा किती? लगेच पुढच्या प्रवेशात हाच जमाव सिन्ना नावाच्या निरपराध कवीवर तुटून पडतो, कारण कटातील एका माणसाचे नाव तेच आहे. मुलाचे पहिले वाक्य आता टिकत नाही. दुसऱ्या खर्ड्यात त्याला वेगळेच काही म्हणायचे असेल.

विज्ञानाच्या शिक्षकांना यात काहीतरी ओळखीचे वाटेल. पहिले विधान हे गृहीतक होते आणि नाटकाचा मजकूर हा पुरावा. पुराव्यापुढे गृहीतक टिकले नाही, म्हणून ते बदलले. साहित्य शिकवणे आणि निबंध शिकवणे हे दोन वेगळे तास आहेत असे आपण समजतो. खऱ्या पुनर्लेखनात ते एकच होतात. निबंध सुधारायचा तर नाटक पुन्हा वाचावे लागते आणि नाटक नीट कळल्याची खूण म्हणजे बदललेला निबंध.

पुढे काय झाले

या अभ्यासांचा प्रभाव इतका पडला, की 'प्रक्रियेवर भर' ही अमेरिकेत चळवळच झाली. पण चळवळीचे कर्मकांड व्हायला वेळ लागत नाही. अनेक वर्गांत सोमवारी मुद्दे, मंगळवारी कच्चा खर्डा, बुधवारी दुरुस्ती आणि शुक्रवारी पक्का निबंध, असे वेळापत्रकच लागले. एक साचा जाऊन दुसरा आला.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी २००७ साली चौथी ते बारावीच्या मुलांवर झालेल्या अनेक प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण मांडले. प्रयोगातील मुले आणि तुलनेसाठी घेतलेली मुले यांच्यातील फरक प्रमाण विचलनाच्या पटीत मोजतात, ०.२ हा फरक लहान, ०.५ मध्यम आणि ०.८ मोठा मानतात. नुसत्या 'प्रक्रिया' पद्धतीचा परिणाम ०.३२ आला. योजना कशी करावी, आपलाच खर्डा कसा तपासावा, हे टप्प्याटप्प्याने प्रत्यक्ष करून दाखवल्याचा परिणाम ०.८२ होता. मुलांनी जोडीने लिहिणे आणि एकमेकांचे लेखन पाहणे यांचा ०.७५. वेगळे व्याकरण शिकवण्याचा परिणाम तर उणे ०.३२ निघाला. हा आकडा जपून वाचला पाहिजे; पुष्कळ प्रयोगांत व्याकरणाचे वर्ग केवळ तुलनेसाठी ठेवलेले होते. पण छोटी वाक्ये जोडून मोठे वाक्य करण्याचा सराव ०.५० पर्यंत जातो, म्हणजे भाषेचे नियम लेखनाच्या ओघात शिकवलेले अधिक लाभतात, इतके म्हणता येते.

तात्पर्य असे, की 'पुन्हा लिहा' असे सांगणे पुरेसे नाही. पुन्हा कसे पाहायचे, हे दाखवावे लागते. शिक्षकाने फळ्यावर स्वतःचा परिच्छेद लिहावा, मुलांसमोर तो खोडावा आणि का खोडला ते मोठ्याने सांगावे. एमिग यांची तक्रार येथे उपयोगी पडते.

साठ वह्यांचा प्रश्न

आपल्याकडील शिक्षक म्हणतील, हे सर्व ठीक. पण वर्गात साठ मुले आहेत. एका वहीला दहा मिनिटे धरली तरी दहा तास होतात आणि तीन खर्डे म्हणजे तीस तास. आक्षेप खरा आहे. तो नजरेआड करून दिलेला कोणताही सल्ला फुकट आहे.

पण यावर काही मार्ग आहेत. एक म्हणजे सत्रात निबंधांची संख्या कमी करून एकच निबंध तीनदा लिहवून घेणे. दुसरा रिचर्ड हॅसवेल यांनी १९८३ साली सुचवला. शुद्धलेखनाची किंवा विरामचिन्हाची चूक दुरुस्त करायची नाही. ज्या ओळीत ती आहे तिच्या समासात फक्त एक खूण करायची. चूक विद्यार्थ्याने शोधायची. त्यांच्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी अशा सुमारे ६० टक्के चुका स्वतःच दुरुस्त केल्या. वाचलेल्या वेळात शिक्षकाने प्रत्येक वहीवर एकच, त्याच निबंधाला लागू पडेल असा प्रश्न लिहावा. तिसरा मार्ग कच्ची वही परत मानाने वापरण्याचा. पक्क्या वहीतील सुवाच्य अक्षराला गुण देण्यापेक्षा पहिला आणि तिसरा खर्डा शेजारी ठेवून, विचारात काय बदलले याला थोडे गुण द्यावेत.

गाईडमधून उतरवलेला निबंध आपल्या परिचयाचा आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून तर कोणत्याही विषयावरचा नीटनेटका, पाच परिच्छेदांचा निबंध क्षणात मिळू लागला आहे. फक्त तयार निबंध तपासणाऱ्या शिक्षकाला आता आपण कोणाचे लेखन तपासतो आहोत, हेच कळणार नाही. कच्च्या वहीत वर्गात लिहिलेले पहिले चुकीचे वाक्य, त्यावर विचारलेला प्रश्न आणि त्या प्रश्नामुळे पुन्हा उघडलेले पुस्तक, एवढे मात्र त्या मुलाचेच असते. शिकणे घडते तेही तेथेच. लाल शाई थोडीच असेल, तर ती तेथे खर्च करावी.