दयेचा अधिकार

काही ग्रंथांचे दुर्दैव असे की, त्यांतील एखादे सुवचन ग्रंथाहून मोठे होऊन बसते. हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ या कादंबरीचे असेच काहीसे झाले आहे. १९६० साली ती प्रसिद्ध झाली, १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक लाभले आणि पुढच्याच वर्षी निघालेल्या चित्रपटामुळे ग्रेगरी पेक यांनी रंगविलेला वकील ॲटिकस फिंच घरोघर पोचला. तेव्हापासून या कादंबरीचे नाव निघाले की, ॲटिकसने आपल्या लहानग्या मुलीला, स्काउटला, केलेला परकायाप्रवेशाचा उपदेश पुढे येतो. उपदेश उत्तम आहे, याविषयी वाद नाही. परंतु हा उपदेश म्हणजेच कादंबरी, असे मानणाऱ्या वाचकांनी तिच्यातील खटला पुरेशा लक्षपूर्वक वाचलेला नाही, असे आम्हांस वाटते.

खटल्याची हकीकत सर्वविदित आहे. काळ १९३० नंतरच्या मंदीचा. स्थळ अलाबामा राज्यातील मेकॉम्ब हे कल्पित गाव. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय मजुरावर मेयेला युएल या गोऱ्या तरुणीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे. टॉमचा डावा हात लहानपणी जिनच्या यंत्रात सापडून निकामी झालेला; मेयेलाच्या तोंडावरील मारहाणीच्या खुणा मात्र उजव्या बाजूस, म्हणजे डावखुऱ्या माणसाने केलेल्या; आणि तिचा बाप डावखुरा. ॲटिकस हे सारे न्यायालयासमोर मांडतो. बारा गोऱ्यांची ज्यूरी तरीही टॉमला दोषी ठरविते.

आमच्या मते या खटल्याचे मर्म पुराव्यात नसून उलटतपासणीतील एका उत्तरात आहे. गावाच्या उकिरड्याशेजारी राहणाऱ्या, धाकट्या भावंडांचे लटांबर सांभाळणाऱ्या मेयेलाला जगात कोणी नाही. तिच्या कुंपणाशी फुटक्या भांड्यांत जिरॅनियमची लाल फुले तेवढी निगुतीने वाढविलेली आहेत. जातायेता टॉम तिची कामे करून देई, तेही फुकट. सरकारी वकील गिल्मर त्याला विचारतो, हे कशासाठी? टॉम खरे ते सांगतो: त्याला तिची कीव येई. उत्तर तोंडून निसटते आणि आपले काय चुकले हे त्याला तत्क्षणी उमगते. पण फार उशीर झालेला असतो. गिल्मर तो शब्द पकडतो आणि घोळवतो. सभागृहातील गोऱ्यांना बलात्काराच्या आरोपाइतकेच, कदाचित त्याहूनही अधिक, हे उत्तर झोंबते. काळ्याने गोरीची कीव करावी! दया ही वरून खाली वाहणारी वस्तू. तिचा प्रवाह उलटा फिरविणे हाच या समाजाच्या दृष्टीने खरा गुन्हा.

आता हे ॲटिकसच्या उपदेशाशेजारी ठेवून पाहावे. दुसऱ्याच्या जागी स्वतःला कल्पून पाहण्याचे जे शील तो मुलांना शिकवितो, ते या कादंबरीत सर्वांत निर्हेतुकपणे आचरणारा मनुष्य टॉम आहे. आणि त्याच शीलाची किंमत त्याला प्राणांनी मोजावी लागते. (तुरुंगातून पळताना त्याच्यावर झाडलेल्या सतरा गोळ्या एका लुळ्या हाताच्या माणसासाठी जरा अधिकच होत्या.) सहानुभूती सर्वांना सारखीच मोकळी नसते, हे लेखिकेने कोठेही सूत्ररूपाने सांगितलेले नाही. तिने ते घडविले आहे, आणि हा तिच्या कलेचा विशेष होय.

गिल्मर टॉमशी ज्या रीतीने बोलतो, ती ऐकून डिल हा लहान मुलगा रडू लागतो. स्काउट त्याला बाहेर नेते आणि समजावते की, अखेर टॉम हा निग्रोच ना! ज्या मुलीवर ॲटिकसने एवढे संस्कार केले, तिच्या तोंडी हे उद्गार आहेत. पूर्वग्रह दुष्टांच्या मनातच नांदतो अशी सोयीची समजूत करून घेणाऱ्यांनी हे स्थळ पुन्हा एकवार वाचावे.

आता धैर्याविषयी. तुरुंगाच्या दाराशी रात्री दिवा लावून बसलेला ॲटिकस आम्हांलाही प्रिय आहे. परंतु हे वकीलपत्र त्याने आपण होऊन घेतलेले नाही. न्यायाधीश टेलर यांनी त्याची नेमणूक केली आहे. १९९२ साली मन्रो फ्रीडमन या विधिज्ञाने ॲटिकसला आदर्श मानण्यास हरकत घेतली, ती मुख्यतः यावरूनच. आम्ही इतके टोकाला जाणार नाही. नेमलेले काम मनापासून करणे हेही मेकॉम्बमध्ये सोपे नव्हते. तथापि प्रत्यक्ष इतिहासातील एक उदाहरण विसरून चालणार नाही. १९३१ साली अलाबामातच स्कॉट्सबरो प्रकरणात नऊ कृष्णवर्णीय मुलांवर दोन गोऱ्या स्त्रियांवर बलात्कार केल्याचा आरोप आला. न्यायाधीश जेम्स हॉर्टन यांनी १९३३ साली त्यांपैकी हेवूड पॅटरसनविरुद्धचा ज्यूरीचा निर्णय पुराव्यास धरून नाही म्हणून रद्द केला, आणि १९३४ च्या निवडणुकीत ते पदास मुकले. उलट ॲटिकस खटल्यानंतर विधिमंडळावर बिनविरोध निवडून येतो. सूडाने पेटलेला युएल त्याच्या मुलांच्या जिवावर उठतो हे खरे. पण गाव म्हणून मेकॉम्ब त्याला कधीच दूर लोटीत नाही. या एका बाबतीत लेखिका वास्तवापेक्षा दयाळू झाली आहे.

ॲटिकसची सहानुभूती टॉमपुरती नाही. टॉमला ठार मारण्यास आलेल्या जमावातील कनिंगहॅमपर्यंतही ती पोचते. मनुष्य चांगला, काही गोष्टी त्याला दिसत नाहीत इतकेच, असे तो मुलांना सांगतो. २०१५ साली, आधी लिहिलेली पण नंतर छापलेली ‘गो सेट अ वॉचमन’ ही कादंबरी आली आणि तीत १९५० नंतरचा वृद्ध ॲटिकस वर्णविभाजन टिकवू पाहणाऱ्या गोऱ्यांच्या सभेत बसलेला दिसला, तेव्हा अनेक वाचकांस धक्का बसला. आम्हांस तितकासा बसला नाही. शेजाऱ्यांना इतके समजून घेणारा मनुष्य अखेरीस त्यांच्याच बाकावर बसला, यात नवल ते काय?

मराठी वाचकाला हा विषय परका नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतील सदाचारी लोकांना, गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. ती अर्पणपत्रिका मुक्तिदात्यांच्या गौरवाची होती. शंभर वर्षांनी, १९७२ साली, मुंबईत ‘दलित पँथर’ने नाव घेतले ते कृष्णवर्णीयांनी स्वतः उभारलेल्या संघटनेचे. नजर दात्याकडून लढणाऱ्याकडे वळली होती. ‘मॉकिंगबर्ड’ मात्र पहिल्याच परंपरेत राहते. फिंच कुटुंबाची स्वयंपाकीण कॅल्पर्निया मुलांना आपल्या चर्चमध्ये नेते, तेव्हा लूला नावाची स्त्री गोऱ्या मुलांना येथे का आणले म्हणून तिला अडविते. प्रश्न रास्त आहे. पण लूला पान-दीड पान दिसते आणि नाहीशी होते. लेखिकेला तिच्याविषयी कुतूहल नाही.

टॉमच्या विधवेचेही तेच. कामावर जाताना हेलन युएलच्या घरावरून न जाता सुमारे मैलभराचा वळसा घेते, कारण त्या घरचे लोक तिला त्रास देतात. ही गोष्ट ती आपण होऊन सांगत नाही. मालक लिंक डीझ ती तिच्याकडून खोदून काढतो, युएलला दम भरतो आणि कथा पुढे सरकते. तो मैल हेलन रोज कोणत्या मनाने चालत असेल, यासाठी कादंबरीत एकही वाक्य आलेले नाही.