झगा उतरवलेला जस्टिन आणि व्हॅटिकनचं टिपण

सुरुवात एका फजितीपासून करू. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेनं ‘फादर जस्टिन’ नावाचं संगणकीय पात्र आणलं. दाढी, झगा, मागे असिसीचा देखावा. श्रद्धेविषयी विचारा, तो उत्तर देणार. पण काही जणांशी बोलताना तो आपण खराखुरा पुरोहित असल्याचं सांगू लागला. टीकेची झोड उठली आणि काही दिवसांतच त्याचा झगा उतरला. ‘फादर’ गेलं, नुसता जस्टिन उरला.

आपण हसलो. पण चुकलं नेमकं काय? समजा, त्याची सगळी उत्तरं बिनचूक असती, तर चाललं असतं का?

या प्रश्नाला भिडण्याची सामग्री २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकननं प्रसिद्ध केलेल्या ‘अँटिक्वा एट नोव्हा’ या टिपणात मिळते. ‘जुनं आणि नवं’ हा त्या नावाचा अर्थ. धर्मसिद्धान्त आणि संस्कृती-शिक्षण या दोन विभागांनी मिळून लिहिलेले ११७ परिच्छेद. त्यांचा मुख्य मुद्दा असा, की यंत्राची बुद्धी आपण त्यानं उरकलेल्या कामावरून मोजतो, आणि मग नकळत तीच फूटपट्टी माणसाला लावतो. इथे संत थॉमस अक्वायनस मदतीला येतात. पायरीपायरीनं तर्क करणं ही बुद्धीची एक रीत, सत्य थेट उमगणं ही दुसरी. आणि दोन्ही एकाच देहधारी, नात्यांत जगणाऱ्या माणसाच्या.

हा भाग आम्हाला टिपणाचा सगळ्यात भक्कम भाग वाटतो. पापनिवेदनाचंच बघा. ऐकणारा धर्मगुरू गुप्ततेनं बांधलेला असतो, हे आपल्याला माहीत आहे. पण तो स्वतःही पापी असतो, आणि दुसऱ्या एखाद्या धर्मगुरूपुढे जाऊन गुडघे टेकतो. जस्टिन कुणापुढे टेकणार? म्हणजे त्याचं ज्ञान कमी पडलं, असं नाही. त्याच्यापाशी गमावण्यासारखं काही नव्हतं.

पण कामाविषयीच्या पानांवर आलो, की आमची तक्रार सुरू होते. माणसाला यंत्राच्या वेगाशी जुळवून घ्यावं लागतं, हातातलं कौशल्य जातं, कामगारावर आपोआप पाळत राहते, हे सगळं टिपणानं अचूक टिपलंय. निदान बरोबर. औषध? तिथे भाषा विवेक, जबाबदारी, मानवी प्रतिष्ठा अशा उंचीवर जाते आणि कामगार खालीच राहतो.

१८९१ मधलं तेरावे लिओ यांचं ‘रेरुम नोव्हारुम’ शेजारी ठेवा. त्यात मजुराचं पोट भरेल असं वेतन, रविवारची विश्रांती, संघटना करण्याचा हक्क यांवर सरळ बोललंय. आणि १० मे २०२५ रोजी चौदावे लिओ यांनी आपण हे नाव का घेतलं ते सांगताना याच परिपत्राचा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा उल्लेख केला. मग कसोटीही त्याच तोडीची हवी ना? फेब्रुवारी २०२० च्या ‘रोम कॉल’वर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएमनं सही केली. चांगलंच झालं. पण ती सही ऐच्छिक; शब्द मोडला तर दंड नाही.

कुणी म्हणेल, चर्च म्हणजे काही संसद नव्हे. खरंय. पण ते १८९१ मध्येही नव्हतं. शिवाय चर्च नुसतं उपदेशक नाही, मालकही आहे. मुंबईत, वसईत, गोव्यात त्याच्या शाळा आहेत, दवाखाने आहेत. उद्या तिथे परिचारिकेची प्रत्येक फेरी मोजणारी प्रणाली विकत घ्यायचं ठरलं, तर आधी परिचारिकेला विचारलं जाईल का? तिनं ‘नको’ म्हटलं, तर ते कुठे नोंदवलं जाईल?

जस्टिनचा झगा चार दिवसांत उतरला, कारण तो सगळ्यांना दिसत होता. ही प्रणाली झगा घालून येणार नाही. म्हणून टिपणाचं खरं वाचन रोममध्ये संपत नाही. ते आपल्या संस्थांच्या खरेदीच्या बैठकीत व्हायला हवं. तिथे आपल्यापैकी कोण कोण बसतं, यावर आता प्रश्नोत्तरांत बोलू.